अंदाजे

मनामात, अकराव्या मजल्यावर,
ताशी बारा दिनारांवर बसले आहे मी मधल्या खुर्चीत,
ना इकडची ना तिकडची.
इथलं इथेच ठेवीन, अशी सही केली आहे,
म्हणून आडनावं बदलते,
मसाल्याचं तर नावच घेत नाही.

डावीकडे इंगवले, कोल्हापूरहून आलेले.
त्यांच्या पाटीखाली नऊ देशांत रस्सा उकळतो.
उजवीकडे नसीमा परकार, मूळ दाभोळच्या.
गुदैबियात पाच टेबलं, एक काउंटर,
आणि दर महिन्याच्या पाच तारखेला सहा टक्के.

मधे करार. एकशे बारा पानं.
कलम सतरा : मसाला आमच्याकडूनच घ्यावा.
कलम चाळीस : वाद झाल्यास लवाद, लवादाची भाषा इंग्रजी.
म्हणजे दोन मराठी माणसं एकमेकांना काय म्हणाली
ते मी सांगायचं तिसरीला,
डॉ. हैफांना, ज्यांची पेन्सिल सतत कानामागे असते.

कंटेनर बंदरात अडकला एक्केचाळीस दिवस.
विसाव्या दिवशी नसीमाबाईंनी बाजारातून मिरच्या आणल्या.
"दुकान बंद ठेवून भाडं काय रश्श्यानं भरलं असतं?"
मी म्हटलं : साक्षीदार भाड्याचा मुद्दा मांडतात.
रस्सा गाळला गेला.

मग आचारी, सदू नलवडे.
मीठ किती ग्रॅम?
"अंदाजानं."
खोबरं किती मिनिटं भाजता?
"वास येईस्तोवर."
कसला वास?
सदूनं माझ्याकडे पाहिलं,
जणू हे मीच विचारलं होतं, आणि मला तरी ठाऊक असायला हवं होतं.
"आला की कळतो."

अंदाज म्हणजे गेस नव्हे.
त्यात वीस वर्षांचा हात असतो, भाजलेला.
पण दुभाष्यानं खुलासा करायचा नसतो.
टंकलेखिकेनं टाइप केलं : अप्रॉक्सिमेटली.

मधल्या सुट्टीत इंगवल्यांना कॉफीच्या मशीनचं बटण सापडेना.
नसीमाबाईंनी दाबून दिलं.
साखर?
नको, डायबिटीस.
कधीपासून?
तुमचा पहिला हप्ता चुकला तेव्हापासून.
हसणार होते दोघं. राहिलं.
मग ते कपाकडे बघत म्हणाले,
"काल रात्री येऊन गेलो तुमच्याकडे. टोपी घालून."
"मग?"
"लवंग जास्त पडतीय."
मशीन बराच वेळ घरघरत राहिलं.
"रस्सा दोनदा घेतला पण."

हे भाषांतर करायला मला कुणी सांगितलं नाही.

खिडकीतून भराव दिसतो, त्यावर क्रेन.
या देशाच्या नावातच दोन समुद्र आहेत.
खाऱ्या पाण्याखाली इथे गोडे झरे होते म्हणे,
मोतीवाले बुडी मारून पखाली भरून आणायचे.
कुठे होते, हे आता टॅक्सीवाल्यालाही सांगता येत नाही.

दुपारी डॉ. हैफांनी विचारलं :
हा वादग्रस्त पदार्थ आपण कधी चाखला आहे का?
इंगवले पाणी प्यायले. नसीमाबाई फाइलच्या दोऱ्याशी खेळत होत्या.
"त्याचा इथं संबंध नाही."
मी शब्दाला शब्द ठेवला.
दिवसभरातलं माझं सर्वांत अचूक वाक्य.

निवाडा नव्वद दिवसांत येईल.
हजेरीपत्रकावर मी सहा तास दहा मिनिटं लिहिले,
कॉफीपाशी उभी होते ती वीस मिनिटं
वजा करून.