मानशीचा खांब

आज पुनवेची भरती.
रायबंदरहून सुटलेली शेवटची फेरीबोट
मला चोडणच्या धक्क्यावर टाकून गेली.
अंगाला अजून बांबोळीच्या वॉर्डाचा वास,
फिनाईलचा, उकडलेल्या अंड्याचा,
इनासिनच्या केसांचा,
जे आता तिच्यापेक्षा उशीवरच जास्त आहेत.

घरी गेलो नाही.
तेर्स म्हणायला बसलो असतो तर
तिसऱ्या मण्यावर अडलो असतो, कालच्यासारखा.
खाजनाच्या बांधावरून सरळ मानशीवर आलो.
मानशीला माझी गरज असते, असं मी म्हणतो.
खरं तर नसते.
नदी चढली की पाणीच दार लोटून घेतं,
उतरली की पाणीच उघडतं.
माणसाने फक्त ऐकत बसायचं :
कुठे गळतंय का,
खेकड्याने कुठे पोखरलंय का.

दाराचा खांब पायच्या हातचा.
पाय म्हणजे माझा बाप, कुस्तोद.
त्याला सही येत नव्हती.
कोयत्याच्या टोकाने तो खांबावर खुरीस कोरायचा,
वर्षात एखादा,
कधी पाच-पाच वर्षांत एकही नाही.

टॉर्च विझली आहे. बोटांनी वाचतो.

हा कमरेएवढ्या उंचीवरचा, तिरका :
सात वर्षांचा मी, कोळंबीच्या जाळ्यासकट आत गेलेला.
सोयरूने केसांना धरून वर ओढलं.
रात्री पायने त्याला पेजेला बसवलं
आणि मग हा कोरला.
कंदील सोयरूनेच धरला होता.

हा खोल, बोटाचं पेर बुडेल असा :
आठ महिने बोटीवरून भावाचं पत्र नव्हतं.
आई रोज त्याचं ताट वाढायची
आणि सकाळी मांजराला घालायची.
नवव्या महिन्यात तोच आला, पत्राच्या आधी,
पुढचा एक दात कमी,
आणि मांजराने त्याच्यावर फिस्कारून घेतलं.

आणि हा सगळ्यात खालचा,
आत्ता पाण्याखाली असलेला.
बाही वर करून हात घालावा लागतो.
त्या रात्री बांध फुटला.
खाऱ्या पाण्याला न भिणारा कोरगूटसुद्धा
तीन वर्षं उगवला नाही.
आईच्या कुड्या गहाण पडल्या त्या पडल्याच.
धाकटी बेर्नादेत तापात गेली.
मी विचारलं होतं :
पाय, हा कशाला? हा चुकून कोरलास?
तो बराच वेळ विडी शोधत राहिला,
ती त्याच्या कानावरच होती.
मग म्हणाला, "त्या रात्री मी एकटा नव्हतो."
पुढे काही नाही.
मला तेव्हा राग आला होता.
आजही थोडा आहे, सायबा, तुझ्यापासून काय लपवू.

मग हा एक. छातीएवढ्या उंचीवर,
बारीक, घाईत कोरल्यासारखा.
हा कशाचा, घरात कुणालाच ठाऊक नाही.
आईलाही नव्हतं.
तू त्याला काय दिलं होतंस?
कशातून काढलं होतंस आम्हाला,
की आम्ही त्या वेळी झोपलो होतो
आणि सकाळी उठून नेहमीसारखे
पाव आला नाही म्हणून कुरकुरलो?

इथे माझं बोट थांबतं. बराच वेळ.

दुपारी इनासिन डोळे न उघडता म्हणाली,
"पुनव आहे. मानस बघून ये."
नर्सला वाटलं, ती भ्रमात बोलते आहे.

दोनच्या सुमारास पाणी वळलं.
आधी एक कुरकुर, म्हाताऱ्याच्या गुडघ्यासारखी,
मग दार आपोआप उघडलं
आणि आतलं पाणी अंधारात चालू लागलं,
शेवाळ, काटक्या, कुणाची तरी एक चप्पल घेऊन.

कोयता आणला होता. कोरलं काही नाही.
अजून काय कोरायचं ते मला माहीत नाही,
आणि खोटं कोरलं तर पायला कळेल.

पहिली फेरी सव्वासहाला.
जाण्याआधी खांबावर हात फिरवून पाहिलं :
त्या बारीक खुरसाच्या वर
वीतभर लाकूड कोरं आहे.