किती पाणी

गुरुवारी आंब्याखाली काटा टांगतो आम्ही.
कापडी चड्डीत पाय घालून पोरं लोंबतात, किंचाळतात,
मी आकडा वाचते, एनिफा लिहिते.
बाळाचं वजन असं कळतं.
आईचं कळावं म्हणून जिल्ह्याने एक कागद दिलाय,
दहा प्रश्न, चिचेवात छापलेले.

सातव्याला मीच अडखळते.
तो लिहिणाऱ्याच्या घरी
'उदास' हा शब्द दारातून आत येत असेल.
इथे बाया म्हणतात, फार विचार होतो,
किंवा अंग जड आहे,
किंवा काही न म्हणता मासळी वाळत घालतात.

फाइनेस म्हणाली, नाही.
सगळ्याला नाही, प्रश्न संपायच्या आधीच,
कांदा चिरावा तसं एकसारखं.
शेजारी सासू,
सुनेच्या वतीने मान हलवत.
शून्य. छान. कागदाची घडी घालायला किती सोपं.

पण बाळ तिच्या मांडीवर असं होतं,
जसं कुणी म्हणावं, जरा धरा हं, आलेच,
आणि परत यावंच नाही.

मी सासूला म्हटलं, आगोगो, काटा चुकलाय बहुतेक,
एनिफाकडून बाळ पुन्हा टांगून आणा ना.
(काटा चुकला नव्हता.
तेवढं खोटं माझ्या नावावर मांडा.)

मग कागद मांडीखाली सरकवला
आणि विचारलं, भांडी कुठे घासतेस?

सरोवरावर.
बराच वेळ अंगठ्याने माती उकरत राहिली.
आधी घोट्यापर्यंत उभी राहायचे, म्हणाली.
मग गुडघ्यापर्यंत.
परवा भांडी काठावरच राहिली,
इथवर गेले.
आणि हात छातीवर ठेवला,
जिथे दुधाने चितेंजे भिजलं होतं.

परत कशी आलीस?

गार होतं.

एवढंच. म्वेरा वारा सुटला होता, पाणी गार होतं.
मला वाटलेलं, बाळाचं नाव घेईल.

शून्य खोडून मी आकडा लिहिला.
मोठ्या दवाखान्यातली बाई महिन्यातून एकदा येते,
गाडीत पेट्रोल असेल तर.
तोवर सायकल आहे, पंक्चर काढलेली,
आणि मी आहे.
संध्याकाळी माझी घासलेली भांडी घेऊन
पुन्हा घासायला जाते तिच्या शेजारी.
साबणाचा भाव बोलतो. एनिफाच्या नवऱ्याबद्दल बोलतो.
सासू लांबून बघते; तिला वाटत असेल
सरकार आता भांडीही घासतं.

निघताना विचारते, आज किती?
गुडघा.
कधी पोटरी.
एकदा कंबर म्हणाली, त्या रात्री मी घरी गेले नाही,
तिच्या चटईच्या कडेला पडून राहिले,
बाळ रडलं तेव्हा दोघी एकदम उठलो.

कागदावर याला रकाना नाही.
समासात लिहिते: गुडघा. पोटरी. गुडघा.

काल सुपरवायझर आला, चष्मा वर करून म्हणाला,
हे काय? बाईच्या गुडघ्याला पाणी झालंय?
हो, म्हटलं. पण उतरतंय.
बुधवारी पुन्हा कंबर होती,
ते सांगितलं नाही.