दाबा, धरा, सोडा

मागचं उजवं चाक आधी.
पेडलपासून सगळ्यात लांबचं, तिथून सुरुवात.
मी फरशीवर उताणा, हातात अकराचा पाना,
पारदर्शक नळीचं टोक
काकडीच्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत.
वर, दोनच माणसांच्या त्या जुन्या पोर्शेत
अंगाची घडी घालून बसलेले वडील,
विलिब्रोर्ट, वय अठ्ठ्याहत्तर,
डावा गुडघा स्टीलचा,
उजवा अजून त्यांचा स्वतःचा.

दाबा.
दाबला.
धरा.
धरलाय.
सोडा.

आई गेल्यापासून आमच्यात
इतकं बोलणं झालं नव्हतं.

कॅलिपर नवे, सहा पिस्टनचे,
लाल मिळत होते, मी मुद्दाम राखाडी घेतले.
डिस्क एवढ्या मोठ्या की जुन्या चाकांत मावेनात,
म्हणून चाकं, म्हणून टायर,
आणि म्हणून यंदा छपराचं काम राहिलं.
रबरी नळ्या जाऊन स्टीलच्या जाळीच्या आल्या.
बंपरमागून एक जाड पाइप
डिस्कच्या पोटात थेट वारा सोडतो.
"घोडे किती वाढले?" वडिलांनी विचारलं होतं.
एकही नाही.
"हं," म्हणाले,
आणि त्या हं-मध्ये पहिल्यांदाच मी नापास नव्हतो.

बरणीत उतरलेलं ब्रेक ऑइल
कोऱ्या चहाच्या रंगाचं.
वडील कण्हत उतरले, बरणी उजेडात धरली, हुंगली.
"हे उकळलंय. कुठे?"
मी पाना पुसत राहिलो.

गेल्या रविवारी, रिंगवर, चौथ्या फेरीला.
कोल्ह्याची नळी म्हणतात तो उतार संपून
चढ लागतो तिथे पाय टाकला
आणि पेडल लोण्यात गेल्यासारखं खाली.
पुन्हा दाबलं. काही नाही.
तिसऱ्यांदा कुठंतरी काहीतरी लागलं.
मग गवत.
मग कुंपणाचा पत्रा, हातभर अंतरावर,
त्यावर कुणीतरी रंगवलेलं कुणाचंतरी नाव.
बायकोला सांगितलं, टायर पंक्चर झाला.
वडिलांना एवढंच म्हणालो, "उतारावर."

ते पुन्हा आत बसले.
मागचं डावं झालं. पुढचं उजवं.
दाबा. दाबला.
"चाळीस वर्षं दुधाचा टँकर हाकला," वरून आवाज आला.
"भरलेला शहाणा असतो. रिकामा गरीब.
अर्धा भरलेला सगळ्यात वाईट.
तू थांबतोस, दूध थांबत नाही.
एकदा व्हिर्नेबुर्गच्या उताराला पेडल असंच गेलं.
घातला मग सफरचंदांत. सहा झाडं.
तुझ्या आईला म्हणालो, हरीण आडवं आलं."

"धरा," मी म्हणालो.
"धरलाय."
तांदळाएवढा एक बुडबुडा आला,
रेंगाळला,
आणि त्यामागून नुसतं स्वच्छ ऑइल.
मी पाना फिरवला.
थोडा उशिराच म्हणालो, "सोडा."

सकाळी सहाला पॅड बसवायला निघालो.
थंडगार पॅड असे किंचाळले
की बेकरीवाली पिठाच्या हातांनी दारात आली.
पठारावरचा रस्ता रिकामा,
दोन्हीकडे मोहरीच्या चुलत बहिणीसारखं पिवळं पीक.
शंभरवरून तीस. पुरतं थांबायचं नाही. पुन्हा शंभर.
असं दहा वेळा.
आठव्या वेळी जळक्या केसांसारखा वास आला,
नवव्या वेळी पट्टा छातीत रुतला.
दर वेळी वडिलांचा उजवा पाय
त्यांच्या बाजूच्या चटईवर घट्ट दाबलेला,
जिथे पेडल नव्हतं.

दहाव्यानंतर मी कडेला घ्यायला लागलो तर म्हणाले,
"इतक्यात उभी करू नकोस. डिस्क गरम आहेत. चालव."
चालवत राहिलो.
व्हिर्नेबुर्गचा उतार आला.
त्यांनी डावीकडे बोट दाखवलं.
तिथे झाडं नव्हती, सोलरच्या काचा होत्या, ओळीनं,
दवानं आंधळ्या झालेल्या.

"दाब," ते म्हणाले.
मी दाबला.
त्यांचा पाय माझ्या आधीच खाली गेला होता.