आवाजाची तरतूद

वाळपईच्या मामलेदार कचेरीत
पीक-संरक्षण परवान्यांचं टेबल माझ्याकडे.
एक-चौदाचा उतारा, पंचायतीचा ना-हरकत दाखला,
माणसाचं डोकं ठिकाणावर असल्याची डॉक्टरची सही,
आणि दोन फोटो, दोन्ही कान दिसणारे.
कान कशाला, हे मला कुणी सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही.

शाणू गांवस हिवऱ्याहून पहिल्या बसने आले.
नूतनीकरणाचा अर्ज बिनचूक भरलेला,
फक्त शेवटी, "इतर काही असल्यास" पुढे,
पाटीवर गिरवल्यासारख्या अक्षरात:
बंदुकीचा आवाज बंद करणारं नळकांडं
बसवायला परवानगी मिळावी.

पलीकडच्या टेबलावरचा फोंडू हसला.
"सायलेन्सर बुलेटला असतो, शाणूबाब!"

मी पुस्तक काढलं.
काडतुसं वर्षाला किती, हत्यार कुठे ठेवायचं,
कुणाच्या हाती द्यायचं नाही,
निवडणूक लागली की ठाण्यात कसं जमा करायचं,
सगळं वाचून दाखवलं.
नळकांड्याला मात्र ना फी, ना रकाना.
"नाही"ला फॉर्म लागत नाही.

"का पण?"
म्हटलं, बार कुठे उडाला ते गावाला कळायला हवं.
"गावाला कळतं, बाय.
घरातही कळतं. तीच तर पंचाईत."

मग खुर्चीच्या कडेवर बसून, टोपी गुडघ्यावर ठेवून,
जणू उताऱ्यावरची नावं वाचावीत तसं सांगितलं:
थोरला दामोदर काजूच्या बागेत
विडी पेटवायला खाली बसला होता.
कुणाच्या तरी बॅटरीला डुक्कर दिसलं.
चौदा वर्षं झाली.

"तेव्हापासून बार ऐकला की घरची उठते.
चुलीवर दूध असो, अंगात ताप असो,
कंदील घेते नि अनवाणी
बागेच्या गडग्याकडेनं हाक मारत जाते.
दुसऱ्या गावचा बार असला तरी जाते.
मी मागनं वहाणा घेऊन."

आणि सुरण तर उकरला जातोच.
गवे कुळागरात येऊन
पाहुण्यासारखे पहाटेपर्यंत बसतात.

मी म्हटलं, शाणूबाब, परवाना जनावरं भिववायला आहे,
मारायला नाही. आवाजच काढून घेतला
तर बंदुकीत उरतं काय?

ते बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले.
"मला तसलंच पाहिजे.
डुकरांना ऐकू यावं, तिला नको."

खाली रस्त्यावर एक बुलेट फटफटत गेली,
शिपायाची शिट्टी तिच्या मागे.
फोंडू या वेळी हसला नाही.

मी टाइप केलं:
अर्जातील अखेरची विनंती मान्य करता येत नाही.
दोन प्रती. एकीवर त्यांची सही,
"गांवस"वरचा अनुस्वार त्यांनी मागाहून दिला,
परत येऊन.

निवडणूक लागली. ठाण्यातून यादी आली,
एकनळी, बारा बोअर, दस्ता फुटून तारेनं बांधलेला.
निकाल लागला, गुलाल धुऊन गेला,
सगळे आपापल्या बंदुका खांद्यावर टाकून गेले.
ती एक राहिली.
हवालदाराने दोनदा फोन केला.
मी फाइलीत लिहिलं, धनी आलेला नाही.

आले ते एप्रिलमध्ये, काजूच्या बोंडांचा वास घेऊन.
बंदूक न्यायला नाही. विचारायला.
"रिकामा तेलाचा डबा आणि काठी,
यांना परवाना लागतो का?"
कोण वाजवणार, मी विचारलं.
"तीच.
पहिल्या रात्री मी वाजवत होतो, तर हातातून काढून घेतला.
आता रोज जाते. वहाणा घालून.
मध्येच वाजवायचं थांबते, ऐकते,
परत वाजवते."

लागत नाही, एवढं मला ठाऊक होतं.
तरी मी पुस्तक उघडलं,
अगदी शेवटच्या पानापर्यंत चाळलं,
ते उभे होते तोवर.