बाळ क्रमांक सतरा

ऐरोलीच्या पालिका शाळेत, दुसऱ्या मजल्यावर,
खिडक्यांवर जुन्या सतरंज्या टांगून
दुपारी दोनचा अंधार केलाय.
आम्ही अकरा जणी, आणि एक फिजिओथेरपिस्ट
शेवटच्या बाकावर, त्याचे गुडघे मावत नाहीत.

अठरा वर्षं मी मुलं तोलली.
हुकाला झोळी, झोळीत मूल,
काटा थरथरून थांबेपर्यंत आपणही श्वास धरायचा,
मग हिरवा रकाना, पिवळा, नाहीतर लाल.
आता म्हणतात, नजर तोला.
हिला कुठून अडकवायचं?

तासकरबाई सांगतात, नाव कुणाचं घ्यायचं नाही.
बाळ क्रमांक सतरा, वय सात महिने.
सांभाळणारी व्यक्ती: आई.
चार मिनिटं.
बाळाने काही मागितलं की मनातलं घड्याळ सुरू,
पाच सेकंदांत उत्तर आलं तर बरोबरची खूण.
नाही आलं, फुली.

पडद्यावर दिवा कोळीवाड्यातला कुठलासा ओटा.
करंदीचा ढीग, त्यावर वाकलेली आई,
एक पाय मुडपलेला, एक लांब.
पलीकडे गोधडीवर सतरा क्रमांक.
तो हुंकारतो. ती बघत नाही. फुली.
तो तळहात आपटतो. फुली.
तो 'अं' म्हणतो, आणि वाट बघतो.
(एवढंसं माणूस वाट बघतं
हे मला अठरा वर्षांत दिसलं नव्हतं.)
फुली.

माझ्या कागदावर नऊ फुल्या, फिलोमिना सिस्टरच्या आठ.
चैताली मढवीचा कागद कोरा.
बाई म्हणाल्या, का गं?
ती म्हणाली, परत लावा. आवाज बंद करून.
आणि तोंडाकडे बघू नका तिच्या. खाली बघा.

खाली
तो लांब केलेला पाय गोधडीच्या कडेपर्यंत पोचलाय.
अंगठ्याला चिकटलेलं करंदीचं साल,
शेजारी जोडवं,
आणि अंगठ्याभोवती सतरा क्रमांकाची मूठ.
त्याचे ओठ हलले की अंगठा हलतो. दोनदा.
थांबतो. त्याची पाळी.
मग हसू, पडद्याच्या कडेने अर्धं कापलेलं.
पहिल्यापासून होतं ते तिथं.

"करंदीनं हात खाजतात, बाई," चैताली म्हणाली,
"तो हात पोराला कोण लावंल?
पाय मोकला असतो."

कुणी काही बोललं नाही. मग मागून फिजिओथेरपिस्ट:
"पण चार मिनिटांत शब्द एकही नाही.
अंगठ्याने बोलायला शिकत नाही मूल."
चैतालीने वळून पाहिलं त्याच्याकडे. बराच वेळ.
"हे खरंच आहे," बाई म्हणाल्या. "तेही लिहा.
दोन्ही लिहा."

बारा कागदांची जुळणी काढली.
शंभरात बेचाळीस. ऐंशी लागते.
फळ्यावर बाईंनी लिहिलं, 'आढळले नाही',
त्याखाली लिहिलं, 'नव्हते',
आणि दोघांच्या मधे खडूने एक रेघ ओढली,
इतकी दाबून की खडू मोडला.

मला रबाळ्याची एक खोली आठवली.
दोन हजार अकरा, पत्र्याचं दार, दारात मोरी.
नोंदवहीत मी लाल शाईने लिहिलं होतं
'आईचे बाळाकडे लक्ष नाही',
खाली सही, शिक्का.
मुलीचं वजन अजून पाठ आहे, सहा किलो दोनशे.
त्या बाईचे हात कशात होते
ते आठवत नाही.
पायांचं तर विचारूच नका.
वही रद्दीत गेली तेव्हा किलोला सात रुपये भाव होता,
तोही आठवतो.

सतरंजीच्या भोकातून उन्हाचा एक ठिपका
माझ्या नऊ फुल्यांवर येऊन बसलाय.
चहा आला. बिस्किटं नरम.
बाई नवी चित्रफीत लावतायत, अठरा क्रमांक,
सांभाळणारी व्यक्ती: आजोबा.
"या वेळी," त्या म्हणतात, "पेन ठेवून द्या.
पेन्सिलीने करा."