वीस मिनिटं

फोन आला दुपारी. पोर नुकतंच झोपलेलं.
सेवेच्या दर्जाबद्दल पाच प्रश्न आहेत, मॅडम,
फार वेळ घेणार नाही.
मी बाथरूममध्ये गेले, गळका नळ आवळला
आणि विचारा म्हटलं.

नर्स वेळेवर आली का?

पहिल्यांदा आलीच नाही.
अल नहदाच्या आमच्या गल्लीत एका नावाच्या चार इमारती,
ती तिसरीत कुणा इजिप्शियनाचं दार वाजवून परत गेली.
दुसऱ्या दिवशी लिफ्ट बंद.
आठ मजले चढून आली, काटा खांद्याला,
हिजाबची कड घामानं काळी झालेली.
छातीवर बोट ठेवून म्हणाली, इख्लास.
सुदानची. तिचं हिंदी भाजीबाजारापुरतं,
माझं अरबी नमाजापुरतं.

बाळाची तपासणी नीट झाली का?

काटा गार होता.
तिनं आधी आपले दोन्ही तळवे त्यावर दाबून धरले,
भाकरी थापल्यासारखे,
मग त्याला ठेवलं. तीन किलो शंभर.
उचलून पुन्हा ठेवलं. तीन किलो ऐंशी.
काटा बुढ्ढा, म्हणाली, बच्चा नाही,
आणि कागदावर कमीचा आकडा लिहिला.

माहिती तुम्हाला समजेल अशी दिली का?

दूध पुरत नाही म्हणून मी रडत होते.
ती सरळ स्वयंपाकघरात गेली, फ्रिज उघडला.
आत एकच अंडं.
ते माझ्या मुठीत ठेवून म्हणाली, पेट, इतना. बस.
आणि खालच्या कप्प्यात हर्णैहून आलेला
मेथीच्या लाडवांचा डबा,
तीन आठवड्यांचा, चिकटपट्टीसुद्धा न काढलेली.
डब्याकडे तिनं जितका वेळ पाहिलं
तितका वेळ बाळाकडेही पाहिलं नव्हतं.

मॅडम, आहात ना? चौथा प्रश्न.
तुमच्या तब्येतीची चौकशी केली का?

चौकशी अशी नाही केली.
बाल्कनीत प्लॅस्टिकची खुर्ची होती,
कठड्याला अगदी टेकवून ठेवलेली.
कपडे वाळत घालायला, असं मी सांगितलं असतं
कुणी विचारलं असतं तर.
दोरीवर एकही कपडा नव्हता.
तिनं विचारलं नाही.
खुर्ची आत ओढली, काचेचं दार लावलं,
दाराला पाठ लावून तीच बसली त्या खुर्चीत,
बाळ मांडीवर आडवं.
नौम, म्हणाली. सो जाओ. मैं इधर.

आणि मी झोपले, हो.
चाळिशी संपायला सोळा दिवस होते
आणि तोवर मी झोपले नव्हते, पडले होते फक्त.
जाग आली तेव्हा मगरिबची अजान होत होती,
मुअज्जम जबल अलीहून आलेला,
दोघं दारात हळू आवाजात बोलत होती.
त्याच्या पाकिटात एका डॉक्टरीणबाईंचा नंबर आहे,
आम्ही दोनदा जाऊन आलो.
खुर्ची तेव्हापासून गाडीच्या डिकीत.
डबा त्याच रात्री फोडला,
लाडू कडू झाले होते थोडे. खाल्ले.

यातलं मी काही बोलले नाही.
हो म्हणाले. चौकशी केली.

शेवटचा, मॅडम.
नर्स तुमच्याकडे किती वेळ थांबली?
ठरलेली वीस मिनिटं आहेत,
कमी की जास्त एवढंच सांगा.

पलीकडे की-बोर्डवर बोटं तयार.
आता ही बाई जास्त लिहील,
मग कुणीतरी इख्लासला बोलावून विचारेल,
उरलेल्या घरांचं काय झालं.
मलाही ते विचारायचं आहे.
मुवैलाहमध्ये कुणी तरी त्या दिवशी
बाळाला अंघोळ घालून, दुपटं पसरून,
बेल वाजायची वाट पाहत बसली असेल
अंधार पडेपर्यंत.
तिच्या बाल्कनीत काय होतं, मला माहीत नाही.

आत पोर चुळबुळलं.

वीस, मी म्हणाले.
बरोबर वीस मिनिटं.
घड्याळ समोरच होतं माझ्या.