करंगळी अजून फ्रान्समध्ये

बोमच्या वीटभट्टीत एकतीस वर्षं
या डाव्या हातानं विटा रचल्या.
पक्षाघातानंतर तो मांडीवर पडून असतो,
कुणीतरी विसरून गेलेला हातमोजा.

पहिल्या दिवशी लीव्हे कागद घेऊन आली.
छापील उद्दिष्टं, प्रत्येकापुढे चौकोन:
वीस मीटर चालणे. काटा धरणे. शर्टाची बटणे लावणे.
मी म्हटलं, बटणं गोडलीव्ह लावते,
मी लावलेली तिला चाळीस वर्षांत कधी पटली नाहीत.
ती हसली नाही. कागद उलटा केला,
माझ्या अडाणी उजव्या हातात पेन्सिल दिली.
"मग तुम्हीच लिहा, उर्बेन."
तीन शब्दांना पाच मिनिटं लागली:
कबूतर हातातून सोडणे.

धरणं नव्हे. धरतो तो हात, नको इतकं धरतो.
झाकली मूठ सव्वा लाखाची असेल कुणाची;
माझीत माझीच नखं रुतलेली.

लीव्हेला कबुतरातलं ओ की ठो कळत नव्हतं.
मी शिकवलं: पाय तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मध्ये,
अंगठा पंखांवरून आडवा, छाती तळव्यात,
आणि दाबायचं नाही.
त्याला वाटलं पाहिजे, आपणच बसलोय.
तिनं एका मोज्यात तांदूळ भरले.
मी तोलून पाहिलं. म्हटलं, ही अंगानं जड आहे,
शर्यतीला चालणार नाही.
तिनं मूठभर काढले.

मग रोज खिडकीशी.
मनगट खाली वाकवलं की बोटं सैलावतात,
हे तिनं सांगितलं.
घाई केली की मूठ आणखी आवळते,
हे मी.
जांभई आली की कोपर आपोआप वर जातं,
यावर दोघंही गप्प.

घरून शर्यतीची वही मागवली.
पूर्वी एका रकान्यात पायातल्या कड्यांचे नंबर असत,
दुसऱ्यात लिमोजहून परतल्याची वेळ.
आता: अंगठा, चार सेकंद. तर्जनी, नऊ.
मधलं बोट, आज वारा उलटा.
"आणि करंगळी?"
करंगळी अजून फ्रान्समध्ये आहे, पोरी.
शिट्ट्या मारून कुणी लवकर येत नाही.
छपरावर दाणे ठेवायचे आणि वर बघत बसायचं.

काल गोडलीव्हनं टोपलीतून निळी आणली,
रुग्णालयाच्या मागे, सायकली लावतात तिथे.
मोज्याला काळीज नव्हतं. हिला होतं,
आणि माझ्या तळव्याला ते अर्धंच ऐकू आलं.
मनगट वाकवलं. अंगठा गेला. तर्जनी गेली.
बाकीची विचार करत राहिली,
तेवढ्यात तीच वळवळून निसटली,
एक पीस माझ्या मुठीत ठेवून.

लीव्हेनं पेन्सिल काढली. "जमलं, असं लिहू?"
नाही. मी सोडली नाही, ती सुटली.
अर्धा चौकोन रंगव.
तिनं तिरकी रेघ मारली, खालची बाजू काळी केली.

संध्याकाळी गोडलीव्हचा फोन आला:
निळी पोचली, सव्वीस मिनिटांत.
वेळ वहीत टिपली.
करंगळीपुढे अजून जागा आहे.